नोकरी गेलेले वाचक दिवसभर वाचनालयात बसतात. त्यांना न दुखावता मदत कशी करावी?

देवघेव_भांडुप

नमस्कार मंडळी. मी भांडुप पश्चिमेच्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर असते. वाचनालयाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती माणसं इथल्याच गल्ल्यांमध्ये राहतात आणि त्यांना कुणी ओळखू नये असं मला वाटतं.

आमच्याकडे तळमजल्यावर मोफत वृत्तपत्र विभाग, पहिल्या मजल्यावर पुस्तकं आणि मागे अभ्यासिका. वृत्तपत्र विभागातली सकाळची माणसं ठरलेली आहेत. निवृत्त मंडळी, रात्रपाळी संपवून घरी जाता जाता पेपर चाळणारे वॉचमन, शब्दकोडं कोण आधी सोडवतो यावरून हुज्जत घालणारे दोन आजोबा. अलीकडे त्यांत आणखी काही जण येऊ लागलेत. वय चाळीस-पन्नासच्या घरात, इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा. घरून ऑफिसच्या वेळेला निघतात आणि आमच्याकडे येऊन बसतात. पेपर समोर उघडा, नजर मोबाईलवर. फोन वाजला की जिन्याखाली जाऊन हळू आवाजात बोलतात. "हो सर, लगेच जॉइन होऊ शकतो" एवढं कानावर आलं की पुढचं कुणी सांगावं लागत नाही.

त्यांतले एक गृहस्थ आमचे जुने सभासद. दर शनिवारी मुलीला घेऊन यायचे. तिला गोष्टींचं पुस्तक, स्वतःला एखादं प्रवासवर्णन. गेल्या उन्हाळ्यापासून ते वर आलेच नाहीत. रजिस्टर पाहिलं तर वर्गणी थकलेली. खाली मात्र रोज असतात. म्हणजे ज्या माणसाकडे आज वाचायला वेळ आहे आणि ज्याला पुस्तकाची सोबत हवी आहे, नेमका तोच दोन-चार महिन्यांच्या वर्गणीपायी जिना चढत नाही. मुलीचं वाचनही त्याबरोबर थांबलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरं असं की त्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो आपल्या साध्या विचारपूशीचा. "काय, आज सुट्टी का?" अभ्यासिकेत एमपीएससी करणारा मुलगा पहाटेपासून रात्रीपर्यंत बसला तर लोक त्याचं कौतुक करतात, त्याला चहा आणून देतात. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मंगळवारी दुपारी दिसला की तीन जण विचारतात, "आज सुट्टी का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्याला विचारलं तो माणूस दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावर जातो आणि त्यानंतर काही दिवस दिसतच नाही.

मुंबईतली घरं केवढी असतात ते तुम्हाला माहीत आहे. एका खोलीत आई, बायको, दोन मुलं, टीव्ही. तिथे दिवसभर बसून नोकरी शोधायची कशी? आणि घरी अजून सांगितलंच नसेल तर बसायचा प्रश्नच येत नाही. अशा माणसाला पैसे न मोजता, काही विकत न घेता बसता येईल अशा जागा या शहरात किती उरल्यात? रेल्वेच्या फलाटावर थांबायलाही तिकीट किंवा पास लागतो. मॉलमध्ये तासाभराने सिक्युरिटीवाला बघायला लागतो. राहतो तो देवळाचा ओटा, बाग आणि आम्ही. त्यात आम्ही दुपारी बारा ते चार बंद. बाराच्या ठोक्याला मी शटर अर्धं ओढते तेव्हा ही माणसं सॅक उचलून उन्हात बाहेर पडतात. चारला परत येतात. मधल्या वेळात कुठे असतात, मला माहीत नाही.

आम्हाला ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासात रंगनाथनांची पाच सूत्रं होती, १९३१ सालची. त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. परीक्षेत त्यावर मी वर्गीकरण, तालिका, मुक्तद्वार पद्धत असं सगळं लिहिलं होतं. आता वाटतं, ज्याची नोकरी गेली आहे त्याचा एकेक दिवस घरातल्या शिलकीतून वजा होत असतो. एक प्रिंट काढायला, एक फॉर्म भरायला, एक जाहिरात खरी की खोटी ते कळायला त्याचा अख्खा दिवस जात असेल, तर तो वाचवणं हे आमचंच काम नाही का?

आमच्याकडे दोन संगणक आहेत (एक बरा, एक कुरकुरणारा), प्रिंटर आहे, आणि कार्यकारिणीच्या सभेची खोली महिन्यातून एकदा सभा सोडली तर कुलूपबंद असते. माणसं म्हणाल तर मी, एक शिपाई आणि अर्धवेळ सहायक.

एका बाबतीत माझं मत पक्कं आहे. इथे मदत मिळण्याआधी कुणालाही "माझी नोकरी गेली" असं खिडकीवर म्हणायला लागू नये. त्यापुढे काय करावं, काय ठेवावं आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे ज्यांनी पाहिलंय, भोगलंय त्यांनी सांगावं. पुढच्या रविवारी कार्यकारिणीची सभा आहे. मला काहीतरी ठोस मांडायचं आहे.

सात_सदोतीसची_जलद

ताई, मी तुमच्या तळमजल्यावरचा माणूस होतो. तुमच्या वाचनालयातला नव्हे, दुसऱ्या उपनगरातला, पण तसाच. सॅक, डबा, इस्त्रीचा शर्ट. लेखा विभागात होतो. कंपनीने तो विभागच दुसऱ्या शहरात हलवला आणि आम्हाला एका संध्याकाळी पत्रं दिली. घरी वडिलांची बायपास नुकतीच झाली होती, म्हणून त्यांना सांगितलं नाही. त्यांना नाही म्हणून आईला नाही, आणि आईला कळू नये म्हणून बायकोने नेहमीसारखा डबा द्यायचा असं आमचं दोघांचं ठरलं. त्यामुळे डबा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने बायकोला फसवलंय असं समजू नका. कित्येकदा ती बरोबरच असते.

कशाचा उपयोग झाला ते सांगतो. सगळ्यात आधी टेबलाजवळचा चार्जिंगचा पॉइंट. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण नोकरी शोधणाऱ्याचा फोन दुपारी तीनला बंद पडला तर त्या दिवशीचे फोन गेले. मग स्वच्छतागृह. मग प्यायचं पाणी. आणि फोनवर मोकळेपणी बोलता येईल अशी जागा. आमच्या वाचनालयातल्या बाई एकदा रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाल्या, "मागच्या गॅलरीत रेंज चांगली येते, दारही लागतं." एवढंच. मी काय करतोय, कुठे कामाला आहे, काही नाही. त्या गॅलरीतून मी किती मुलाखती दिल्या असतील. घरून व्हिडिओवर मुलाखत द्यायची म्हणजे मागे शेजारच्यांचा कुकर, समोर धाकट्याचा अभ्यास आणि मध्येच दारात कचरेवाला. समोरच्या साहेबाला त्यातून आपली परिस्थिती दिसते, आणि ती दिसू नये यासाठी जीव जातो. तुमची ती सभेची कुलूपबंद खोली उघडा. मागे कोरी भिंत आणि एक ट्यूबलाइट, बाकी काही लागत नाही.

दुसरी गोष्ट, नोकरी गेल्यावरच्या पहिल्या महिन्यात माणसाचं डोकं चालत नाही. मी स्वतः अकाउंट्सचा, तरी मला सुचत नव्हतं. कंपनीकडून रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र घ्यायचं असतं. पीएफच्या यूएएनला, म्हणजे पीएफ खात्याच्या कायमच्या क्रमांकाला, आपला चालू मोबाईल नंबर जोडलेला आहे का ते पाहायचं असतं, नाहीतर ओटीपी जुन्या सिमवर जात राहतो. सलग पाच वर्षं झाली असतील तर कायद्याने ग्रॅच्युइटी मिळते आणि ती तीस दिवसांत द्यायची असते. पगारातून ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होत असेल तर नोकरी गेलेल्यांसाठीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत काही बसतं का, याची चौकशी ईएसआयच्या शाखा कार्यालयात करायची असते. माझ्याबरोबर सुटलेल्या हाऊसकीपिंगच्या माणसांना हे नावसुद्धा माहीत नव्हतं. हे सगळं मराठीत दोन पानांवर लिहून एका साध्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल पेपरांच्या शेजारी, कुणालाही चाळता येईल अशी असू द्या. मागावी लागली तर कुणी मागणार नाही.

आता काय करू नये ते. सल्ला देऊ नका. "माझ्या मेव्हण्याच्या कंपनीत बघतो" असं बोलून विसरू नका. तो माणूस त्या फोनची वाट पाहत आठवडा काढतो. दोन नोकरी गेलेल्यांची एकमेकांशी ओळख करून देऊ नका, करायची तर ते आपली आपण करतील. आणि कुणाला नोकरी लागली तर पेढे सगळ्यांसमोर वाटू देऊ नका. कोपऱ्यातल्या टेबलावर अजून दोघं बसलेले असतात.

भरतीवाली

मी अंधेरीला एका कंपनीत भरतीचं काम करते. रोज ढिगाने बायोडाटा वाचते, म्हणून माझ्या बाजूचं सांगते.

चांगल्या, अनुभवी माणसाचा बायोडाटा पहिल्या चाळणीतच बाजूला पडतो तो बहुतेक वेळा मांडणीमुळे. वडिलांचं नाव, जात, धर्म, लग्न झालंय की नाही, आधार क्रमांक, घरचा पूर्ण पत्ता, आणि खाली "वरील सर्व माहिती सत्य आहे" म्हणून सही. यातलं काहीच नको. आधार क्रमांक तर मुळीच नको, तो कागद कुणाकुणाच्या हातून जाईल सांगता येत नाही. वर नाव, फोन, ईमेल, राहण्याचं उपनगर. मग शेवटची नोकरी आधी आणि तिथे नेमकं काय सांभाळलं ते. "जबाबदारीने काम केले" याने मला काही कळत नाही. "चाळीस गाड्यांचं डिझेल आणि टायरचा हिशेब ठेवत होतो" यातून सगळं कळतं. जाहिरातीत कामासाठी जो शब्द वापरलाय तोच आपल्या कागदावर यावा, कारण मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी बहुतेक सॉफ्टवेअर लावतं. मधे गॅप असेल तर लपवू नये. "आईच्या आजारपणामुळे" किंवा "विभाग बंद झाला" एवढी एक ओळ पुरते. मुलं शाळेत जायला लागल्यावर परत कामाला निघालेल्या बायका त्या गॅपला फार घाबरतात. त्यांना हे कुणीतरी सांगायलाच हवं. ताई, तुमच्या तळमजल्यावर त्या दिसत नाहीत, कारण वृत्तपत्र विभागात बायका फारशा बसतच नाहीत. त्या मुलांच्या पुस्तकांच्या कपाटापाशी भेटतील. तिकडेही लक्ष असू द्या.

ड्रायव्हर, वायरमन, लिफ्टवाले यांना दोन पानांचा इंग्रजी सीव्ही नकोच. अर्ध्या पानात लायसन्सचा प्रकार, आयटीआयचा ट्रेड, किती वर्षं, कुठल्या भागात, रात्रपाळी चालेल का, एवढं पुरे.

सरकारी नोंदणी दोन ठिकाणी फुकट होते, राज्याचं महास्वयम पोर्टल आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस. दोन्हीकडे नाव घालून ठेवावं. मात्र पन्नाशीच्या माणसाला तिथून लगेच फोन येईल अशी आशा लावू नका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पस्तिशीपर्यंतच्यांसाठी आहे, तुमच्या त्या गृहस्थांना ती लागू नाही. चाळिशीपुढच्याला नोकरी लागते ती बहुधा जुन्या सहकाऱ्याच्या शब्दावर. त्यामुळे जुन्या ओळखींना फोन करायला शांत जागा मिळणं याचं मोल फार आहे. वरच्या दादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं.

आता फसवणूक. नोकरी देणारा पैसे मागत नाही. नोंदणी फी, युनिफॉर्मची अनामत, लॅपटॉपची कुरिअर फी, मेडिकल, काहीही म्हणोत, पैसे मागितले की तिथेच थांबायचं. रेल्वेत "आतून" लावतो म्हणणारा खोटा, कारण ती भरती रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीतून होते. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करा, घरबसल्या कमवा, हे तर सरळ जाळं आहे. आधी शंभर-दोनशे रुपये देतात आणि मग लाखात बुडवतात. पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करायचा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम मधेच गोठवता येण्याची शक्यता जास्त. नोकरी गेलेल्या माणसाला ही मंडळी बरोबर हेरतात. हा १९३० नंबर संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवून टाका.

मी मुलुंडला राहते. महिन्यातले दोन शनिवार येऊन बायोडाटा बघून देऊ शकते. मला नाव नाही सांगितलं तरी चालेल.

खजिनदार_गिरगाव

मी एका जुन्या वाचनालयाचा खजिनदार आहे आणि रविवारी तुमच्या सभेत जे प्रश्न निघतील ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही तयारीने जाल.

पहिला प्रश्न पैशाचा. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालच्या मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदान वर्गवारीनुसार मिळतं, तेही हप्त्यांनी. आपल्या सेवकांचा पगार काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. दुपारचे चार तास उघडं ठेवायचं तर तुम्हीच राबायचं असं ठरता कामा नये. तुम्ही करुणेपोटी "मी थांबते" म्हणाल आणि सगळे टाळ्या वाजवतील. तसं म्हणू नका. दुपारसाठी निवृत्त सभासदांच्या पाळ्या लावा, दोघं-दोघं. त्यांनी फक्त दार, पंखे आणि पाणी पाहायचं. देवघेव बंदच ठेवा. सुरुवात आठवड्यातून तीन दुपारींनी करा.

दुसरा प्रश्न अभ्यासिकेतल्या मुलांचा. त्यांचे पालक म्हणतील, आमच्या मुलांच्या जागा जातील. म्हणून जागा तळमजल्यावरच ठेवा, अभ्यासिकेला हात लावू नका.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि सभेत ती कुणीच काढणार नाही. सार्वजनिक संगणकावर माणसं मेल उघडे ठेवून जातात, आधार-पॅनचे स्कॅन डाउनलोडमध्ये तसेच राहतात, झेरॉक्सच्या काचेखाली बायोडाटा विसरतात. पुढचा येतो तो शेजारच्या बिल्डिंगमधला असतो. रोज रात्री डाउनलोडचा फोल्डर रिकामा करायचा, ब्राउझरला पासवर्ड लक्षात ठेवू द्यायचा नाही, आणि सेवकाने कुणाचाही ओटीपी वा पासवर्ड स्वतः टाकायचा नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी. शेजारी उभं राहून कुठे टाकायचा ते दाखवा, टाकू दे त्यालाच.

थकलेल्या वर्गणीचं म्हणाल तर ती माफ करायला कुणाच्या नावाने अर्ज मागवू नका. आमच्याकडे पूर्वी असा अर्ज होता. त्यावर कारण लिहायचं, दोन सभासदांची शिफारस घ्यायची. वर्षानुवर्षं एकही अर्ज आला नाही, आणि कार्यकारिणीत लोक म्हणायचे, बघा, कुणाला गरजच नाही.

लालबागकर

खजिनदारसाहेबांचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितो.

माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होतो. जवळपास अडीच लाख कामगार घरी बसले. पण घरी बसायला घर होतं कुठे? एका खोलीत आम्ही नऊ जण. वडील सकाळी उठून वाचनालयात जायचे. गिरणगावात वाचनालयं होती ती काही कुणी दान म्हणून टाकलेली नव्हती, त्यामागे काम होतं. कामगार नेते ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगारांसाठी रात्रशाळा आणि मोफत वाचनालयं चालवणं हे त्यांच्या कामाचं अंगच होतं. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला बसून वाचायला जागा हवी, हे त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आमच्या इथल्या वाचनालयाच्या चालकांनी संपाच्या काळात एक केलं. वडिलांचं वाचन चांगलं होतं, आवाजही खणखणीत. चालक म्हणाले, "मास्तर, ज्यांना वाचता येत नाही त्यांना संपाच्या बातम्या वाचून दाखवाल का?" त्या दिवसापासून वडील रोज दहा वाजता पेपर मोठ्याने वाचायचे आणि ओट्यावर पंचवीस-तीस माणसं ऐकायला यायची. वडिलांना पुन्हा गिरणी मिळाली नाही. पण ते घरातून निघताना केस विंचरून, टोपी नीट करून निघायचे, कारण तिथे कुणीतरी त्यांची वाट पाहत होतं.

म्हणून सुचवतो, या माणसांना नुसतं घेणारं करू नका. कुणी टॅलीत तरबेज असेल, कुणाचं इंग्रजी चांगलं असेल. अभ्यासिकेतल्या मुलांना शिकवायला सांगा.

सात_सदोतीसची_जलद

काका, तुमच्या वडिलांचं वाचून डोळे भरले. तरीही एका गोष्टीला माझा विरोध आहे. संपात सगळेच एकत्र बाहेर होते, लपवण्यासारखं काही नव्हतं. आजचा माणूस एकटा बाहेर पडलेला असतो. त्याला "मुलांना टॅली शिकवा" म्हटलं की त्याला ऐकू येतं ते असं, की तुम्हाला आता वेळच वेळ आहे. शिवाय दिवसाचे चांगले दोन तास त्यात गेले तर तो नोकरी कधी शोधणार? मला एका ओळखीच्या क्लासवाल्याने असंच "नाहीतरी मोकळेच आहात" म्हणून हिशेब तपासायला बसवलं होतं, महिनाभर, फुकट.

शिकवायला सांगायचं तर सगळ्याच सभासदांना सांगा. सूचनाफलकावर लावा, टॅली, इंग्रजी, एक्सेल शिकवू इच्छिणाऱ्यांनी नाव द्यावं, तासाला इतकं मानधन. मग नोकरीवाला येईल, निवृत्त येईल आणि आमच्यासारखाही येईल. मानधन थोडं असलं तरी चालेल, पण असू द्या.

लालबागकर

पटलं. मानधनाचं तर एकदम पटलं.

देवघेव_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं लिहिलेलं मी वहीत उतरवून घेतलं आणि काल संध्याकाळी अध्यक्षांना भेटून आले. दुपारच्या पाळ्यांसाठी शब्दकोड्यावाल्या दोन्ही आजोबांनी नाव दिलं. दोघांना एकाच दिवशी ठेवा, एवढीच त्यांची अट आहे. त्यांना मी एक विनंती केली. कुणी आलं की "या" म्हणा, हवापाण्याबद्दल बोला, सुट्टीबद्दल विचारू नका. ते क्षणभर गप्प झाले आणि मग त्यांतल्या एकाने सांगितलं की त्यांचा धाकटा मुलगा वर्षभर असाच कुठल्यातरी वाचनालयात बसत होता, आणि ते त्यांना फार उशिरा कळलं.

दारावरच्या पाटीत नोकरीचा उल्लेखच ठेवणार नाही. "सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी वाचन विभाग खुला. फोनवर वा व्हिडिओवर बोलण्यासाठी मागची खोली अर्ध्या तासाप्रमाणे. संगणक आणि प्रिंट सर्वांसाठी." खोलीच्या वहीत फक्त वेळ लिहायची, नाव आणि कारणाचे रकानेच ठेवायचे नाहीत. अध्यक्ष म्हणाले, गैरवापर झाला तर? मी म्हटलं, कुणी आत बसून मावशीशी गप्पा मारल्या तरी आपलं काय जातं?

नोकरी सुटल्यावरच्या कागदपत्रांची दोन पानं मी मराठीत लिहायला घेतली आहेत. सात_सदोतीस, तुम्ही एकदा तपासून द्याल का? तुम्ही अकाउंट्समधले, आकडे आणि मुदती चुकू नयेत. भरतीवालीताई, तुमचे दोन शनिवार मी मुलांच्या गोष्टींच्या तासाला जोडून घेतेय, म्हणजे आया तशाही आलेल्या असतील आणि वेगळं निमित्त लागणार नाही.

एक गोष्ट मी माझ्या मनाने केली आहे. कोपऱ्यात बसणाऱ्यांपैकी एकाची मला खरंच काळजी वाटते. हल्ली ते पेपरही उघडत नाहीत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो मोठ्या अक्षरात छापून पाण्याच्या कूलरच्या वर आणि दोन्ही स्वच्छतागृहांच्या दारांवर आतल्या बाजूने लावला. सूचनाफलकासमोर उभं राहून असा नंबर कुणी टिपून घेणार नाही, दाराआड घेईल.

वर्गणीचं तेवढं अडलंय. अर्ज नको हे अध्यक्षांना मान्य आहे, पण हिशेबतपासणीला काय दाखवायचं, असं विचारतात. खजिनदारसाहेब, ठरावाचा मसुदा देता का?

खजिनदार_गिरगाव

देतो. आमच्या सनदी लेखापालांना विचारून लिहिलाय, तुमच्या लेखापरीक्षकांनाही एकदा दाखवून घ्या.

"ठराव : ज्या सभासदांची वर्गणी थकली आहे त्यांचे सभासदत्व थकबाकीच्या कारणाने पुढील बारा महिने रद्द करू नये, व या काळात त्यांना आणि त्यांच्या कुटुंबातील बालसभासदांना देवघेव पूर्ववत सुरू ठेवावी. सवलतीसाठी अर्ज, कारण किंवा शिफारस मागू नये. सवलत देण्याचा अधिकार ग्रंथपाल व देवघेव विभागातील सेवक यांना राहील. मासिक अहवालात केवळ अशा सभासदांची संख्या व एकूण रक्कम नोंदवावी, नावे नोंदवू नयेत. ही रक्कम वाचनालयाच्या देणगी निधीतून वर्ग करावी."

देणगी निधीत सुरुवातीची भर म्हणून माझ्याकडून एका वर्षाच्या चार वर्गण्या धरा. पावती फक्त "एक सभासद" या नावाने करा.